नखं

पोळ्याला एकवीस दिवस होते तेव्हा
मस्कासाथच्या मागे, बंद पडलेल्या दालमिलच्या ओसरीत
आमच्या बडग्याचं पोट बांधून झालं होतं.
दौलतराव खापेकर ओल्या कामट्या वाकवायचे,
मी लई ढवळायचो: मैदा, डिंक, चिमूटभर मोरचूद.
माझं काम तेवढंच.

दिवसा मी मिहानमध्ये, चौथ्या मजल्यावर.
लोकांच्या व्हिडिओंना थंबनेल करतो. रोज तीस.
वासलेलं तोंड, पिवळी अक्षरं, लाल बाण.
बाण कशाकडे दाखवतो
ते मीही नेहमी बघतोच असं नाही.
थंबनेल म्हणजे अंगठ्याचं नख,
हे मला त्या ओसरीत पहिल्यांदा सुचलं,
कारण दौलतराव तीन रात्री नुसती नखं करत होते.

बारा फुटी बाहुला, हात आभाळात,
खालून कोणाला दिसणार?
आणि मिरवणूक संपली की जाळायचाच.
म्हटलं, काका, रंगाचा एकेक ठिपका देऊन टाकू.
त्यांनी कात्री खाली ठेवली नाही.
"हात हाय तं नख लागन ना बे."

त्यांचा फोन खिळ्याला, पिशवीत टांगलेला.
राग नाही त्याच्यावर.
चहाच्या वेळी काढायचे,
कुठल्याशा देशातली बाई टोपली विणते, तो एकच व्हिडिओ,
ती कड कशी वळवते तिथे थांबवून, मागे घेऊन,
पुन्हा. मग पुन्हा खिळ्याला.
मी लई ढवळता ढवळता तीनदा खिसा चाचपायचो.
वाजलं काहीच नसायचं.
भिंतीपलीकडे काकू खोकायच्या.
ते मी ऐकत होतो.
ऐकत होतो म्हणजे, कानावर पडत होतं.

तान्ह्या पोळ्याला रस्ता फुटायला आला.
घेऊन जा गे मारबत,
आणि जितके हात वर तितके फोन.
त्या सगळ्यांच्या वर आमच्या बडग्याचे दोन,
रिकामे.

जाळायला आडवा केला तेव्हा
त्याचा पंजा माझ्या तोंडासमोर आला.
अंगठ्याच्या नखात पांढुरकी कमान.
आधी वाटलं, नखावर असते ती कोर.
मग ओळखली, बरगडी.
मेडिकलच्या एक्स-रेची फिल्म.
करंगळीवर बारीक आकडा होता:
अठ्ठावन्न, तिरकी रेघ, एफ.
मी दौलतरावांकडे बघितलं.
ते काडेपेटी शोधत होते.

फिल्म कागदासारखी जळत नाही.
आधी मुठीसारखी आत वळते.

दुसऱ्या दिवशी थंबनेल सव्वीस झाली.
किंजल मॅडमनी विचारलं, चार कुठे गेली?
काय सांगणार.
नखाखाली लई वाळली होती, टाइप करताना टोचत होती.

"पुढच्या साली कान तू करजो," दौलतराव म्हणाले. "दोन्ही."
अकरा महिने आहेत अजून.
मी बसमध्ये कान बघत असतो.
बहुतेकांत काहीतरी खोचलेलं,
त्यामुळे आतली वळणं नीट कळत नाहीत.
काल बर्डीला एक म्हातारी चढली,
पाळी ओघळलेली, भोक लांबलेलं, डूल नाही.
छत्रपती चौक येईपर्यंत
तिकिटाच्या मागे काढून घेतली.