सालीचा अंदाज

अब्बा बांगडी भरताना माप विचारत नसत.
हात हातात घ्यायचे, अंगठ्याखालचं हाड दाबायचे
आणि म्हणायचे, सव्वादोन.
कधी चुकले नाहीत. चुकले असतील तर
बायकांनी घरी जाऊन गुपचूप फोडल्या असतील.

त्याच दुकानात, तासगावच्या स्टँडसमोर,
आता निम्म्या काचेत बांगड्या, निम्मीत माझ्या बाटल्या.
कंपनीनं सांगलीच्या एका हॉटेलात दिवसभर शिकवलं,
जेवण दिलं, लॅमिनेट केलेला तक्ता दिला:
कोरडी, तेलकट, मिश्र, संवेदनशील.
आधी विचारा, मग विका.

मी विचारते.
कॉलेजच्या पोरींना मोबाइलमध्ये पाहिलेलीच बाटली हवी असते,
नवरीच्या आईला जे काय लागतं ते सगळं.
तक्त्याकडे कुणी बघत नाही.

मालन ऐवळे मात्र त्याच्यापुढे उभी राहिली
वजनकाट्याकडे बघावं तशी.
मग स्टोल सोडला.
कपाळ रापलेलं, नाकाच्या शेंड्यावर तेल,
आणि दोन्ही गालांवर लाल, चकाकती, ताणलेली कातडी.

कुठली ट्यूब लावत होतीस?
"मेडिकलात मिळती ती. पयल्या महिन्यात असली उजळले,
जावेनं नाव इचारलं.
आता सोडली की आग, लावली की थंड."

असल्या ट्यूबा वरचं कवच पातळ करतात, मी सांगायला लागले.
माझं वाक्य संपायच्या आत ती म्हणाली,
"म्हंजे डिपिंग."

आठ वर्षं बेदाण्याच्या शेडवर.
बोलताना तिची बोटं हवेत घड धरतात.
"द्राक्षाच्या सालीवर मेण असतंय बघ, देवानं दिल्यालं.
पोटॅशच्या पाण्यात बुडिवलं की ते जातंय,
साल उलती, आतलं पाणी वाट धरतंय.
जाड सालीचा माल जरा जास्त ठेवायचा,
कवळा बुडिवला न बुडिवला, काढायचा.
शेठनं टायमाचा कागद लावलाय भितीला.
कागदावर गेलं की माल चिकाटला."
मग हसली.
"वरनं गंधकाची धुरी. पिवळा निघाला तर भाव,
काळा पडला तर मागंल त्याला.
चव? चव कोण बघतंय सौद्यात."

मी तक्ता पालथा ठेवला.
तिचा हात हातात घेतला, अब्बा घ्यायचे तसा.
तळवा भेगाळलेला, बोटांची टोकं गुळगुळीत, रेघा गेलेल्या.
कोपराच्या आत अजून पोरीची कातडी.
एकाच बाईच्या अंगावर चारही रकाने.

महागडी बाटली काढली होती काउंटरवर.
टार्गेटला चार कमी होत्या.
परत ठेवली. कंपनीच्या ग्रुपवर हे मी टाकलेलं नाही.
दिली साधी पांढरी, बिनवासाची, एकशेदहाची.
म्हटलं, गाल आधी सिव्हिलला कातडीच्या डॉक्टरांना दाखव,
ट्यूब एकदम तोडायची का कमी करायची ते त्याच सांगतील.
"खाडा पडंल."
पडू दे.
आणि ही लगेच तोंडाला नको. कोपराच्या आत लाव,
दोन दिवस बघ.
"नमुना घड," ती म्हणाली.

दहादहाच्या नोटा दोनदा मोजल्या तिनं.
जाताना ओचा झटकून
मूठभर बेदाणे काचेवर ठेवले. काळे.

आज दुसरा दिवस.
साडेसहाला शेडवरचा टेंपो वळणावर हळू झाला.
मागं पंधरा-वीस बायका उभ्या, सगळ्यांची तोंडं बांधलेली.
त्यातून एक हात वर आला,
बाही सारलेली, कोपराची आतली बाजू माझ्याकडे.

इतक्या लांबून लाल आहे की नाही, काय कळणार.
तोंडात बेदाणा होता, बोलताही येईना.
मीही बाही सारली
आणि माझं कोपर दाखवलं.