नगाला दीड डॉलर

उतुआदो, पोर्तो रिको. जुलै १९५२

नगरपालिकेचा शिपाई ऑर्डर देऊन गेला:
चाळीस झेंडे, पंचवीस तारखेच्या आत.
तीन पट्टे तांबडे, दोन पांढरे,
निळा त्रिकोण, त्यात एकच चांदणी.
जणू मला शिकवायला हवं.

परवापर्यंत याच शिलाईला दहा वर्षं होती.
आता नगाला दीड डॉलर.

कागदाला टाचलेला नमुना मात्र गडद,
त्यांच्या अठ्ठेचाळीस चांदण्यांमागचा,
आरमारी कोटाचा निळा.
आमचा फिका होता,
ओब्दुलियाच्या धुऊन धुऊन विटलेल्या परकराचा.
मीच बेतला, दार लावून,
मशीनचा आवाज नको म्हणून हातशिलाईने.
पिठाच्या डब्यात सापडला
आणि एलादियोला नेलं.
कायदा आहे तिथेच आहे.
झेंडा सुटला, एलादियो नाही.

आता मशीन दार उघडं टाकून चालतं.
फौजदार बेर्नाबे उंबऱ्याशी थांबून म्हणतो,
टाका बारीक घाल हं, सरकारी काम आहे.
तो डबा यानेच उपडा केला होता.

काल तुरुंगातून पत्र आलं:
खरंच फडकणार?
आणि खाली, बारीक अक्षरात,
निळा कोणता?

पत्रं तिथे फोडून वाचतात.
हवापाण्याला अजून मनाई नाही.
मी लिहिलं, कॉफीला फळ धरलंय,
ओब्दुलियाचा गुडघा बरा आहे,
आभाळ होतं त्याच रंगाचं आहे.

एकोणीस झाले.
एकवीस राहिलेत.