मधला मणी

अशोक चौकात, पतसंस्थेच्या तळघरात
माझं टेबल. वरचा पंखा हवा कमी, आवाज जास्त देतो.
एक काळा दगड, कसाच्या सळ्यांचा जुडगा,
तेजाबाच्या दोन बाटल्या, काचेच्या बुचाच्या.
यंत्र आहे, पण मुख्य शाखेत. ते दशांश चिन्हानंतरही बोलतं.
मी पूर्ण आकड्यात बोलतो, फार तर साडेत.

दुपारी दोनला जिन्यावरून एप्रिल खाली उतरला,
त्याच्या मागून राजव्वा येमुल.
बोटं तंबाखूनं तपकिरी,
नखं पानं दुमडून दुमडून झिजलेली.
गळ्यातून माळ काढून तिनं टेबलावर ठेवली,
अकरा मणी, काळ्या दोऱ्यात,
आणि म्हणाली, बघ.

मी कडेपासून सुरू करतो. बापानं शिकवलंय:
फसवणारा मधे सजवतो, कडेला विसरतो.
दगडावर ओढला. तिळाएवढी रेघ,
पिवळी, ऐटदार.
थेंब.
रेघ उकळली, हिरवी झाली, गेली.
दुसरा मणी. गेला.
तिसऱ्याला मी घसा खाकरला.
अठराची सळई असते, वीसची असते, बावीसची असते,
हे सांगायचं कसं, याची सळई कुणी केलेली नाही.

"बाई, हे..."
"पितळ हाय. ते इचारलालेय का मी?"

मग तिनं पदर जरा सरकवला.
मानेभोवती, हाडाच्या वरच्या खाचेत,
हिरवट रेघ, जुनी, गोंदल्यासारखी.
"बत्तीस उन्हाळे झाले.
सोलापुरात घाम खोटं चालू देतो व्हय रे?
गिरणी बंद पडली त्या साली त्यानं बदलली,
रात्री गुपचूप उशाला ठेवली परत.
पयल्याच चैतात मला कळलं.
रोज पहाटं मोरीत बसून
मान चिंचेनं घासायची मी,
त्यो उठायच्या आत."

तो म्हणजे नरसय्या. सायझिंग खात्यातला.
गेल्या मार्गशीर्षात गेला, छातीत कापूस घेऊन.
शेवटच्या आठवड्यात एकदा
अर्धं तेलुगूत, अर्धं खोकल्यात म्हणाला,
मधला मणी खरा आहे. तेवढा राखला होता.
"तेवढं बघ. बाकी राहू दे."

चौथा, पाचवा बोटानंच मागं सारले.
सहावा मधला.
ओढताना हात जड झाला,
दगडाला ते कळू नये असं वाटलं.
रेघ. थेंब.
पंखा.
रेघ फिकटली, कडेनं थोडी हिरवी पडली,
मग थांबली. तिथंच बसून राहिली.
शेजारी अठराची सळई ओढली: तिच्यापुढे मंद.
चौदाची ओढली: तिच्याहून जरा उजळ.

"साडेचौदा."
"म्हंजी?"
"निम्म्याहून थोडं जास्त खरं."

राजव्वा हसली, पोटातून, एवढी मोठ्यानं
की लॉकरशी उभा असलेला ठेवीदार
किल्ली सावरत वळला.
"तसंच व्हतं की ते. तेवढंच व्हतं."

संस्थेचा नियम आहे: कर्ज मिळो न मिळो,
तपासणीचे साठ रुपये.
तिनं सुट्टे मोजले, तीनेकशे विड्यांचे.
मी घेतले. घ्यावे लागतात.

"पावती दे. एकच मणी लिही."
'एकूण नग' या रकान्यात मी लिहिलं, एक.
'शुद्धता'पुढे साडेचौदा.
'वजन' कोरं ठेवलं,
मणी दोऱ्यातून सोडवायला ती नको म्हणाली.
'शेरा' म्हणून खाली एक ओळ असते,
तिथं पेन टेकवलं आणि उचललं,
खालच्या कार्बनवर नुसता निळा ठिपका.

पावती तिनं घडी करून तंबाखूच्या पिशवीत घातली,
माळ गळ्यात, तीच, अकराच्या अकरा,
हुक मानेमागं दोनदा चाचपला
आणि एकेका पायरीवर दम खात
वर उन्हात गेली.