ओळीच्या कपाळी

नवा नियम आला:
प्रत्येक रेनडिअरच्या नोंदीआधी विभागाचा आकडा हवा.
सतरा, आणि एक तिरपी रेघ.

चार हजार एकशे बारा ओळी.
कचेरीतला पोरगा म्हणाला, एकेक लिहीत बसलीस
तर वसंत येईल.
मारितने उत्तर दिलं नाही. इनारीत दुपारी दोनलाच
अंधाराने दार ओढून घेतलं होतं.

फाइल बापाची. ओउलाने दोन बोटांनी टंकलेली,
एका ओळीत एक जनावर:
डावा कान दुहेरी कातर, करडी, पाण्याला भिते.
उजव्या कानाला खाच. हट्टी.
हिला हाक मारू नये, आपणहून येते.

काळ्या पडद्यावर तिने आधी नक्कल काढून ठेवली
(गोठलेल्या तळ्यावर आधी काठी आपटायची, मग पाय)
आणि मग ती खूण लिहिली,
दोन तिरप्या रेघा, वर टेकलेल्या,
धूर नसलेल्या तंबूएवढी.
तिचा अर्थ: जिथे ओळ सुरू होते ती जागा.
पहिल्या अक्षराच्याही अलीकडे,
जिथे अजून कुणी काही लिहिलेलं नाही,
तिथे, प्रत्येकीच्या कपाळी,
सतरा.

एन्टर.
पापणी लवली असेल नसेल.
शरदात याच कामाला आठ दिवस लागतात,
दोर, चिखल, वाफाळती अंगं,
सुरी तोंडात धरून ओरडणारी माणसं.
इथे एकही खूर वाजला नाही.

ती खाली सरकत गेली. सतरा, सतरा, सतरा.
दोन हजार तीनशे सहाव्या ओळीवर
नुसतंच सतरा, रेघ,
आणि पुढे काही नाही.

कोरी ओळ. यंत्राला काय,
कोऱ्या ओळीलाही सुरुवात असते.

एन्टर दोनदा दाबलं गेलं असेल.
किंवा तो उठून खिडकीपाशी गेला असेल.
इवालोच्या वृद्धाश्रमात फोन लावला तर ओउला म्हणाला,
बर्फ कडक आहे ना गं?
कडक आहे, ती म्हणाली. मग दोघंही गप्प.

पोरगा म्हणाला, छोटी अट घाल,
कोऱ्या ओळी वगळता येतात.
तिलाही माहीत होतं.
फाइल तशीच पाठवली.

आठवड्याने विचारणा आली:
ओळ दोन हजार तीनशे सहा. जनावर आढळत नाही.

मारितने लिहिलं:
आहे.
कान अजून कातरलेला नाही.