हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात आप्पा बँकेत जायचे
जिवंत असल्याचं सांगायला.
आदल्या रात्री कोट झटकून खुंटीला.
पदकं लावायची नाहीत, ती ज्वारीच्या डब्यात
बोरिक पावडरच्या पुडीशेजारी.
"कीड लागत न्हाई त्यास्नी," म्हणायचे.

बँक दहाला उघडायची, ते आठला निघायचे.
उत्तरेश्वरातून चालत, रिक्षाचं नाव काढायचं नाही.
गंगावेशीत म्हशीच्या आचळाखाली धरलेला पेला
फेसासकट, एका दमात,
आणि मिशीवर पांढरी रेघ घेऊन पुढे
पापाच्या तिकटीकडे, डावा पाय किंचित ओढत.

यंत्र त्यांचा अंगठा ओळखायचं नाही.
तारेचं रीळ पाठीवर घेऊन, रात्री, चाचपडत
तुटलेली लाइन ज्यांनी जोडली
त्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या.
"दुसरं बोट ठेवा, आजोबा."
दुसरं. तिसरं. कारकून पोरगी कावरीबावरी.
"मेलो असतो तर, बाई,
इतका वेळ रांगेत उभा ऱ्हायलो असतो व्हय?"

लढाईचं विचारलं की खेचराचं सांगायचे.
नाव शेवंता. नदीच्या कोरड्या पात्रात
तिनं पाय रोवले ते रोवलेच.
"एक फटका मारला मी तिला.
बरोबर हुती ती.
पुढं गेलेलं दोघं परत आलं न्हाईत."
एवढंच. मग पान लावायला घ्यायचे,
चुना जास्त व्हायचा.

एकाहत्तरच्या डिसेंबरात तार आली: ठावठिकाणा नाही.
पोस्टमननंच वाचून दाखवली, चपला न काढता.
मी सात वर्षांची. मला आठवते तव्यावरची भाकरी,
आईनं ती उलथली
आणि दुसरी थापायला घेतली.
तेवीस दिवस तिनं कुंकू लावलं,
रोजच्यापेक्षा मोठं.
चोविसाव्या दिवशी फौजी टपालाचं कार्ड:
मी बरा आहे. म्हैस व्याली का?
रेडा की रेडी, कळवणे.
आईनं ते कुणाला दाखवलं नाही.
चिडली होती. पुढची चाळीस वर्षं
मधूनच, भांडी घासताना, चिडायची.

मग शाहूपुरीत, गुळाच्या अडतीवर
काट्याजवळची खुर्ची.
संध्याकाळी कोटाला गुळाचा वास, मागे माश्या.
"पोरीनू, दार उघडा, माझी पलटण आली!"

आईचं मनगट मोडलं त्या वर्षी
आम्हा तिघींच्या वेण्या त्यांनी घातल्या.
ताण देऊन, ओढून तपासून,
टोकाला तीच गाठ, तारेला मारायची.
झोपेतसुद्धा सुटायची नाही.
शाळेत बाई विचारायच्या,
चौगुल्यांच्या पोरी सारख्या चकित का दिसतात?

नंतर नातींच्या घातल्या. मग पणतीच्या,
हात थरथरत असताना.
तिची मात्र सैल पडायची,
ती काही बोलायची नाही,
वाटेत स्वतःच पुन्हा घालायची.

परसात कपड्यांची दोरी म्हणून
काळी तार आहे, त्यांनी फौजेतून आणलेली.
तिच्यावर किती लंगोट वाळले याचा हिशेब नाही.
मधोमध एक जोड आहे.
तिथं चिमटा लावायचा नाही, अशी घरात पद्धत.
का, ते कुणी विचारलं नाही.
आता विचारायला हवं होतं असं वाटतं,
पण ते बहुतेक खेचराचंच सांगितले असते.

एक्याण्णव पुरी होऊन ब्याण्णवावं लागलं होतं.
ऑगस्टात, दुपारच्या झोपेत, कुशीवर.
उशाशी घड्याळ, किल्ली दिलेली.

या नोव्हेंबरात मी गेले.
पिशवीत दुसरा दाखला, तीन प्रती.
आठलाच निघाले, का कुणास ठाऊक.
गंगावेशीत थांबले. गवळ्यानं पेला भरताना
माझ्या मागे पाहिलं, रस्त्यावर,
आणि पैसे घेतले नाहीत.

बँकेत तीच पोरगी.
तिनं यंत्र पुढे सरकवलं, सवयीनं,
"हवालदार केरबा येसबा चौगुले, आज आले नाहीत?"
मी कागद ठेवला.
तिनं तो वाचला. यंत्र बाजूला घेतलं.
बराच वेळ शिक्का शोधत राहिली,
जो तिच्या हातातच होता.
मग हळूच म्हणाली,
"काकू, ओठावर फेस राहिलाय तुमच्या."