पोटरी

अकरा वाजता मी बाबांना उठवते.
वाटीभर वालाचं बिरडं, अर्धी भाकरी.
"ही काय जेवायची वेळ हाय का गो?"
आहे. डॉक्टर तेंडोलकरांनी सांगितलंय,
रात्रभर उपाशी ठेवू नका,
अंग अंगालाच खातं.

चेंबूरच्या खत कारखान्यात एकतीस वर्षं
हिराजी म्हात्र्यांनी अमोनिया सांभाळला.
गळती आधी त्यांच्या नाकाला कळायची, मग भोंग्याला.
माहुलच्या घरी त्यांचा शर्ट दोरीवर वाळायचा
आणि आमचे डोळे चुरचुरायचे.

आता यकृत थकलंय.
तोच अमोनिया, आतला, स्वतःचा,
रक्तातून डोक्यात चढतो.
सायनच्या वॉर्डात सिस्टर म्हणाल्या, हात पुढे करा,
गाडी थांबवता ना, तसे.
पंजे फडफडले.
आज वार कोणता?
"बी शिफ्ट," बाबा म्हणाले,
मग माझ्या कानात, "गळती हाय. मास्क घाल."
सगळे हसले.
मी नाही. त्यांचं नाक अजून बरोबर होतं.

परळला, चार अंशांच्या खोलीत, स्वेटर घालून
मी मटारच्या कोंबांतून एक विकर वेगळं काढते.
ग्लुटामिन सिंथेटेज. नाव लांब, काम एकच:
मोकाट अमोनिया धरायचा,
ग्लुटामेटच्या पदरी बांधायचा,
दर खेपेला एक एटीपी मोडायचा, नोट मोडावी तसा.
शेवटी फेरिक क्लोराइड टाकलं
की नळीत कोऱ्या चहाचा रंग चढतो.
जितका गडद, तितकं ते जागं.
सात वर्षं हा रंग वाचतेय,
कधी मनात आलं नाही
की याची एक शाखा
बाबांच्या लुंगीखालीही चालू असेल.

यकृत हरलं की स्नायू पुढे होतात,
डॉक्टर म्हणाले, पेनाला टोपण लावता लावता.
स्नायूंत हे विकर थोडंच.
पण माणसात स्नायू किती!
निदान असायचे.

ही पोटरी शिड्या चढायची, शहाळ्यासारखी टणक.
आता माझ्या मुठीत मावते, वर बोटं उरतात.
तेल लावायच्या निमित्ताने
मी हात तिथेच ठेवते.
आत कोणी तरी पाळीवर आहे,
बदली माणूस नाही, तरी कामावर.

"वास कमी झाला गो," बाबा झोपेत म्हणतात.

मी उठून
परवासाठी वाल भिजत घालते.