बटणसेल

चालू केला की कॉम्प्युटर धरून बसतो:
एक जानेवारी, दोन हजार दोन.
आतला सेल संपलाय, तापकीर गल्लीतला पोऱ्या म्हणाला,
पंचवीस रुपये, काकू, आणि स्क्रू हरवू नका.

स्क्रू वाटीत ठेवले, मोहरीच्या डब्याशेजारी.
आत धूळ, एक मेलेली मुंगी,
दोन हार्ड डिस्क. थोरली गप्प.
धाकटी सुरू होताना तीनदा घसा खाकरते,
थेट भावजींसारखी.

दोघा भावांनी एकच मशीन घेतलं होतं, निम्मे निम्मे पैसे.
वाटणी तेव्हाच झाली: सी ह्यांची, डी भावजींची.
डीचं नाव अजून तेच,
‘परवानगीशिवाय उघडू नये’.
पुढे सहकारनगरचा फ्लॅटही वाटला,
तिथे मात्र भिंत घालावी लागली.

निळ्या पडद्यावर बाण वर-खाली करत
मी आजची तारीख घातली.
सेव्ह करायचं का? हो.

डीसाठी परवानगी आता कोणाची घ्यायची?
नव्या डिस्कवर सगळं उचलून ठेवलं, न बघता.
एकशे अकरा फाइली. चार वाचता आल्या नाहीत,
मशीनलाही.

रात्री वाटीत एक स्क्रू उरला.
कुठला, ते कळेना.
झाकण तर बसलंय.